दगडाखालचं शून्य

दगड उचलायचा तो आपल्याकडे. पलीकडची कड धरायची आणि दगड आपल्या अंगाकडे झुकवत उभा करायचा, म्हणजे खाली जे कोणी असेल त्याच्या आणि आपल्या पायांच्या मध्ये दगडाचीच भिंत राहते. काका हे मला रोज पहिल्या दगडाआधी नव्यानं सांगतात. आज सांगून झालंय. आता ते लोखंडी आकडी पुढे करून दगडाच्या पलीकडच्या कडेखाली सरकवतात, आणि मी कानावरची पेन्सिल हातात घेते.

दगड उठतो. खाली ओली तांबडी माती, तिच्यात बोटभर खोल वाटा, आणि मुंग्यांची एकच पळापळ. पांढरी अंडी तोंडात धरून त्या वाट फुटेल तिकडे धावतायत. काका वाकून बघतात, मीही बघते. दहा सेकंद, वीस सेकंद.

"मुंग्या," काका म्हणतात.

मी दगडाची लांबी, रुंदी, उंची मोजून लिहिते. खाली माती की कातळ, ते लिहिते. मुंग्या. सरपटणारे प्राणी, शून्य. उभयचर, शून्य. काका दगड परत टेकवतात. आधी एक कड, मग दुसरी, मग तळवा ठेवून हळूच दाब.

जुलैचा पहिला आठवडा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातला एक सडा, सकाळचे पावणेसात. रात्रभर कोसळून पाऊस पहाटे थांबलाय. काळ्या कातळावर जिकडेतिकडे पाणी साचलंय आणि त्यातून बेडकांचं ओरडणं चाललंय. काकांच्या डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ आहे. आमच्या दोघांच्या मध्ये कातळावर ताणलेली पन्नास मीटरची टेप. टेपच्या दोन्ही अंगांना एकेक मीटरच्या पट्ट्यात वीतभराहून मोठा जो जो सुटा दगड येईल तो उचलायचा, बघायचं, लिहायचं आणि होता तसा ठेवायचा. जीवशास्त्रात पीएच.डी. करते म्हटलं की लोकांना पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या दिसतात. या गावातल्या बायका मला दगडवाली म्हणतात. मला ते नाव मनापासून आवडतं.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. फ्रान्सिस बुकॅनननं १८०७ साली मलबारातल्या अशाच दगडाचं वर्णन करताना, लोक त्याच्या विटा कापतात हे पाहून, विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. काकांचं घर याच दगडाच्या चिऱ्यांचं आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर मात्र सड्याची जमीन पोटखराबा म्हणून पडते, म्हणजे लागवडीच्या उपयोगाची नाही ती. उन्हाळ्यात इथे आलेल्या माणसाला हा शब्द पटेल. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता मी या कातळावर थर्मामीटर ठेवलाय आणि पारा पन्नाशीच्या पुढे गेलेला पाहिलाय. त्याच वेळी हातभर अंतरावरच्या दगडाखाली बोटाला गारवा लागत होता. माझा सगळा प्रबंध त्या हातभर अंतराचा आहे. सुट्या दगडाखाली कोण राहतं, आणि दगड गेला की त्याचं काय होतं, एवढंच मला विचारायचंय.

"बाय, हा बग."

सातवा दगड, परातीएवढा. काकांनी तो अर्धा उचलून धरलाय आणि आवाज खाली आणलाय. मी गुडघ्यावर बसते. मातीवर बोटाच्या दोन पेरांएवढी पाल निपचित पडली आहे. मातकट तपकिरी अंग, त्यावर आडवे पांढरे पट्टे, जाडसर शेपूट. घरातल्या भिंतीवरच्या पालीची ही चुलत बहीण, पण भिंतीचं हिला काही नाही, हिचा संसार जमिनीवर. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस. नावातच पांढरे पट्टे आहेत. १९६३ साली ग्रँडिसन आणि सोमण या दोघांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं. कोकणातल्या या सड्यांच्या पट्ट्यापलीकडे जगात ती कुठेही नाही.

मी तळहाताचा द्रोण करून तिच्यावर ठेवते. ती धडपडत नाही. गार, मऊ, ओल्या कागदाएवढं तिचं वजन. व्हर्नियर तिच्या नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत लावायचा. शेपूट यात धरायची नाही, कारण शेपूट तुटलेली असू शकते, तुटून पुन्हा आलेली असू शकते. एकतीस मिलिमीटर. पोटाची कातडी इतकी पातळ आहे की आत काहीतरी पांढरं गोल दिसतं. अंडी, दोन. तिच्या गळ्याशी कातडी वरखाली होतेय. पापण्या नसलेल्या डोळ्यावर पावसाचा एक थेंब पडतो आणि ती जिभेनं तो पुसून घेते.

"आधी दगड, मंग ती," काका आठवण करून देतात. दगड जागेवर बसवून झाल्यावरच प्राणी दगडाशेजारी सोडायचा, म्हणजे तो आपल्या पायांनी आत जातो आणि चिरडत नाही. ती कडेशी क्षणभर थांबते, मग फटीत शिरते. शेपटीचं टोक शेवटी.

वहीत एक.

या वहीबद्दल थोडं सांगायला हवं. पाण्यात न भिजणारा कागद आणि पेन्सिल. शाईचं पेन इथे एका सरीत वाहून जातं. माझ्या पहिल्या पावसाळ्याची वही अशीच होती, फक्त तिच्यात शून्य नव्हतं. जे दिसलं ते मी हौसेनं लिहीत गेले: पाल, विंचू, बेडूक, खेकड्याचं पिल्लू. जिथे काही दिसलं नाही ती ओळ मोकळी सोडली. एक्केचाळीस दिवसांचं काम घेऊन मी माझ्या मार्गदर्शक मॅडमसमोर बसले. त्यांनी पानं उलटली, एका रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे काय आहे?"

"काही नाही, मॅडम."

"काही नाही म्हणजे दगड उचलून काही मिळालं नाही, की दगड उचललाच नाही?"

मला आठवेना. एक्केचाळीस दिवसांपैकी एकाही दिवसाचं मला खात्रीनं सांगता येईना. त्या रागावल्या नाहीत. ही वही आता वापरता येणार नाही, पुढच्या जूनमध्ये पुन्हा सुरू करू, एवढंच म्हणाल्या. एक वर्ष गेलं. विद्यापीठाच्या नियमात पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत, बायकांना वर आणखी दोन वर्षांची सवलत. माझं हे पाचवं. त्या गेलेल्या वर्षाबद्दल मी खूप रडले आहे. पण संशोधन म्हणजे काय हे मला कोर्सवर्कच्या पेपरात नाही, त्या बोटाखालच्या रिकाम्या ओळीत कळलं. सापडलेलं कोणीही लिहील. बघूनही न सापडलेलं लिहायला शिकावं लागतं.

बारावा दगड, शून्य. तेरावा, शून्य. चौदाव्याखाली लाल विंचू, नांगी वर करून. काका दोन पावलं मागे होतात. त्यांच्या पिढीला विंचू चावून गेलेली पोरं आठवतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं तेव्हापासून कोकणातल्या कितीतरी घरातले दिवे विझायचे राहिले. दवाखान्यातल्या एका डॉक्टरनं पेशंट मरताना पाहून टिपणं ठेवली, त्यातून हे झालं. माझ्यासारख्यांनी भिंतीवर लावावं असं ते उदाहरण आहे.

"ह्यो पट्टा तर आपून जूनात बगितला ना गो?" काका टेप गुंडाळता गुंडाळता विचारतात.

"दोनदा बघितला. आज तिसऱ्यांदा."

"मंग परत कशाला?"

न दिसणं आणि नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणून. आज एखाद्या पट्ट्यात पाल नसेल, कारण ती शेजारच्या चिरेत उतरली असेल. परवा त्याच पट्ट्यात दिसेल. एकाच जागी पुन्हापुन्हा गेलं की दर फेरीला किती वेळा चुकामूक होते त्याचा अंदाज बांधता येतो, आणि मग शून्यातलं खरं शून्य किती आणि चुकामुकीचं किती हे वेगळं काढता येतं. डॅरिल मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली याचं गणित मांडलं आणि जगभर माझ्यासारखे लोक त्याच जागी पुन्हापुन्हा जायला लागले. मी काकांना गणित सांगत नाही. मी म्हणते, "काका, तुम्ही दुपारी घरी नसता तेव्हा कोणी आलं आणि दार बंद बघून म्हणालं की इथे कोणी राहतच नाही, तर?"

काका थोडं चालतात. "मंग त्यानं सांजच्याला यावं."

"तेच करतोय आपण."

माझ्या वहीत प्रत्येक पट्ट्यापुढे आता तीन आकडे असतात. शून्य एक शून्य. शून्य शून्य एक. रात्री कंदिलाखाली मी ते संगणकात चढवते तेव्हा कधी कधी ती एक लिपी वाटते.

नऊ वाजता आम्ही बसतो. सकाळच्या ओल्यात सगळा सडा फुलांनी उघडलाय: दिपकाडीचे शेवटचे पांढरे तुरे, पाण्याच्या कडेनं सीतेच्या आसवांचे निळे कण. ती निळी फुलं दिसतात नाजूक, पण त्यांच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यात सूक्ष्म जीव ओढले जातात. कातळावर मातीच इतकी थोडी की झाडाला पोटाची अशी सोय करावी लागते. काकांनी फडक्यातून तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी काढलीय. मी कोरा चहा ओतते.

"तुजे पैसे आले?"

"नाही अजून."

फेलोशिप पाच महिने खात्यात आलेली नाही. वरिष्ठ संशोधन फेलोला २०२३ पासून महिना ४२,००० रुपये मंजूर आहेत, कागदावर चांगली रक्कम आहे, पण ती कधी येते आणि कधी येत नाही. तोवर काकांची मजुरी मी साठवलेल्यातून देते. गेल्या आठवड्यात साठवलेलंही संपत आलं तेव्हा काकाच म्हणाले, भात कापल्यावर दे, पळून कुठं चाललीस. रोज पहाटे साडेपाचला घर सोडणाऱ्या साठीच्या माणसानं हे म्हणावं याची मला अजून लाज वाटते. प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार असतात. तिथे काय लिहायचं ते माझं ठरलं आहे, बाकीची दोनशे पानं व्हायची आहेत.

चहा पिताना मला आघारकर आठवतात. शंकर पुरुषोत्तम आघारकर इथून खालच्या अंगाला मालवणात जन्मले. तिशीच्या आत असताना सह्याद्रीत कोयनेच्या खोऱ्यात त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तशा जातकुळीचा जेलीफिश तोवर आफ्रिकेतूनच माहीत होता. पुढे १९१४ साली ते शिकायला जर्मनीला गेले, महायुद्ध पेटलं, शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध केलं गेलं, आणि त्यातूनही त्यांनी बर्लिनहून डॉक्टरेट घेतली. पुण्यातल्या संशोधन संस्थेला आज त्यांचं नाव आहे. मला त्यांच्या कैदेपेक्षा तो जेलीफिश जास्त आठवतो. पाण्यावर वाकलेला माणूस, नखाएवढं पारदर्शक काहीतरी, आणि हे इथे असायला नको ही ओळख पटण्याचा तो क्षण. ओळख पटायला आधी किती पाणी रिकामं पाहिलं असेल त्यांनी.

दुसरा पट्टा आंब्याच्या बागेत आहे.

सड्याच्या उताराला तारेचं कुंपण लागतं आणि आत हापूसची कलमं सुरू होतात, रांगेत, गुडघ्याएवढ्या मातीच्या आळ्यांत. ही माती इथली नाही. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, ट्रकनं माती आणून भरली, तेव्हा कलम लागलं. आणि सभोवती गडगा, सुट्या दगडांचा कमरेएवढा. ते दगड सड्यावरून वेचलेले. म्हणजे माझ्या पालींची घरं एकावर एक रचून भिंत झाली आहे.

हे मी पूर्वी संतापानं लिहायचे. आता लिहिता येत नाही. ही बाग काकांच्या पुतण्याची आहे आणि हा गडगा काकांनी स्वतः रचलाय. १९९० साली सरकारनं रोजगार हमीला जोडून फळबागेची योजना आणली, कलमांना पैसे दिले, मजुरी दिली. ज्या जमिनीला शंभर वर्षं पोटखराबा म्हटलं गेलं तिच्यावर पहिल्यांदा कोणी पैसे द्यायला तयार झालं. काका तेव्हा तरुण होते, आठ महिने मुंबईत गोदीत हमाली करून परत येत. बाग झाली आणि त्यांचं मुंबईला जाणं थांबलं. पुतण्याची मुलगी आज चिपळूणला नर्सिंग शिकते ते या झाडांवर. त्यांच्यासमोर उभं राहून पालीसाठी बाग नको होती असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? आणि तरी ती पाल दुसरीकडे कुठेच नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला एवढंच करता येतं की दोन्हीकडची मोजणी सारख्या इमानानं करावी.

बागेतल्या पट्ट्यात सुटे दगड थोडे. पहिला उचलतो. शून्य. दुसरा, शून्य. तिसऱ्याखाली गांडूळ. चौथा, पाचवा, शून्य. सहाव्यापाशी काका थांबतात आणि टेपच्या बाहेर, चार हातांवर पडलेल्या एका चपट्या दगडाकडे बघतात.

"त्या दगडाखाली हाय. गेल्या शुक्रवारी ढोरं आणायला आलो तवा मीच बगितली."

"तो पट्ट्यात येत नाही, काका."

"टेप वाईच सरकव. कोण बगतंय?"

पाऊस पुन्हा भुरभुरायला लागलाय. मला तो दगड दिसतोय. बागेत पाल मिळाली तर मला खरंच आनंद होईल, कारण मग काकांच्या झाडांना आणि माझ्या पालींना एकत्र जागा आहे असं म्हणायला आधार मिळेल. टेप चार हात सरकवायला एक मिनिट लागेल. मॅडम पुण्यात आहेत. माझ्याशिवाय आणि काकांशिवाय या सड्यावर कोणी नाही.

"टेप कुठे टाकायची ते आधी संगणकानं चिठ्ठ्या टाकून ठरवलंय," मी म्हणते. "मला माहीत आहे म्हणून मी टेप तिथे नेली, तर मग मी बाग नाही मोजली, माझी माहिती मोजली."

काका काही बोलत नाहीत. मी सहावा दगड उचलते. तांबडी माती, एक गोगलगाय. मी लिहिते. माझ्या हातातली पेन्सिल शून्य काढताना थोडी जास्त दाबली जाते.

सातवा दगड टेपच्या अगदी टोकाला, गडग्याच्या पायथ्याशी आहे. काका आकडी घालतात, दगड आपल्या अंगाकडे झुकवतात आणि जागीच थांबतात. आधी आवाज येतो. तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा. मग दिसतं, हातभर लांबीचं, आठाच्या आकड्यासारखे वेटोळे घालून एकमेकांवर घासणारं. डोक्यावर बाणासारखी खूण. फुरसं. त्याच्या अंगावरचे करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून तो आवाज निघतो. दगडाची भिंत मधे आहे. काका हलत नाहीत, मी हलत नाही. मिनिटभरानं आवाज थांबतो आणि साप सरकत, अंग तिरपं टाकत, गडग्याच्या फटीत जातो.

काका मोठा श्वास सोडतात. "लिव. फुरसं, एक. गडग्यात गेला."

मी लिहिते, आणि 'गडग्यात गेला' याच्याखाली रेघ मारते. दोन पावसाळ्यांपूर्वी याच जागी काकांनी मला विचारलं होतं, सडा बगितलास, बाग बगितलीस, गडग्यात बगितलंस काय? मी बघितलं नव्हतं. माझ्या वाचनात आलेल्या एकाही निबंधात हा प्रश्न मला भेटला नव्हता. ज्यानं हे दगड एकेक करून उचलून रचले त्यालाच तो सुचला. आता माझ्या प्रबंधात गडग्याचं वेगळं प्रकरण आहे, विजेरी आणि काडीला बांधलेला छोटा आरसा घेऊन केलेल्या फेऱ्यांचं. आकडे अजून पुरे व्हायचे आहेत. तोवर त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

मी टेप गुंडाळायला घेते. सर वाढते. काका खोळ पुढे ओढतात, आकडी खांद्यावर टाकतात आणि आम्ही कुंपणाकडे चालायला लागतो. वीसेक पावलं गेल्यावर मागे त्यांची चाहूल येत नाही म्हणून मी वळून बघते.

ते परत गेलेत. सहाव्या दगडापाशी, मी ठेवला होता त्याच्यापाशी, उकिडवे बसून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरलाय. जरा उचलतात, बोटभर डावीकडे फिरवतात, टेकवतात. तळवा ठेवून दाबतात. डोकं कलतं करून कडेकडेनं बघतात, पुन्हा एकदा दाबतात. मग लुंगीला हात पुसत उठतात.

"हालत व्हता," जवळ येत ते सांगतात. "चल. पुढला पट्टा कुठं हाय?"